गिअरची एकचाकी आणि लांबचा रस्ता: साताऱ्याकडच्या स्वारांसाठी प्रश्नोत्तरं

साधी एकचाकी ज्यांना येते आणि आता तीवरून तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन यायचं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. एकचाकी शिकायची कशी, हे इथे नाही.

गिअरची एकचाकी म्हणजे काय? साखळी तर दिसत नाही.

साखळी नसतेच. साध्या एकचाकीत क्रँक (पेडल धरणारा दांडा) थेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, जोडलेली असते, म्हणजे पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. गिअरच्या हबमध्ये, आत, एका मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या लहान चक्रांची जुळणी असते. खालच्या गिअरला ती जुळणी कुलूपबंद असते आणि गाडी साधीच राहते. वरच्या गिअरला पायाच्या एका फेऱ्यात चाक सुमारे १.५५ फेरे फिरतं. रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारा हब स्विस अभियंता फ्लोरियान श्लुम्फ यांच्या नावाचा आहे. गिअर दोनच, आणि बदलायचा तो आसाच्या टोकावरचं बटण टाचेने दाबून.

फ्रीव्हील दोन्ही गिअरमध्ये नाही. उतारावर पाय थांबवून बसायची सोय नाही, हे सायकलवरून येणाऱ्यांना वारंवार सांगावं लागतं.

वेग किती वाढतो?

हिशेब सोपा आहे. ३६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.८७ मीटर, २९ इंचीचा सुमारे २.२९ मीटर. मिनिटाला ९० फेरे धरले, तर ३६ इंची चाक खालच्या गिअरला ताशी १५.५ किमी आणि वरच्याला २४ किमी जातं. २९ इंचीचे आकडे अनुक्रमे १२.४ आणि १९.२.

३६ इंचीचा वरचा गिअर म्हणजे जणू ५६ इंची चाक. ऐकायला प्रचंड वाटतं, पण रोड सायकलवर पुढे ४२ दात आणि मागे २० दात लावले की साधारण एवढंच येतं. सायकलवाल्यांचा हा मधला गिअर. त्यांच्याशी शर्यत लावायला म्हणून हा हब घेऊ नका.

मग गिअर घ्यायलाच हवा का?

नाही. इंग्लंडचा एड प्रॅट २०१५ ते २०१८ या काळात एकचाकीवरून जगाची फेरी मारून आला, ती बिनगिअरच्या ३६ इंची चाकावर. ब्रिटिश स्वार सॅम वेकलिंगने २००७ मध्ये एकचाकीवरून चोवीस तासांत ४५३.६ किमी कापले.

गिअरमुळे सपाट रस्त्यावर पायांची धावपळ कमी होते. चार तास मिनिटाला ९० फेरे मारण्याऐवजी तोच वेग ५८ फेऱ्यांत मिळतो. बदल्यात ताबा जातो. वरच्या गिअरला चाक सावरायला पायाने दीडपट जोर द्यावा लागतो, आणि आतल्या दातांमध्ये थोडी मोकळीक असल्यामुळे पाय उलटा दाबला की चाकाला ते क्षणभर उशिरा कळतं. खड्डा, कुत्रा, अचानक आलेला स्पीड ब्रेकर, या सगळ्यांना उत्तर द्यायची ताकद त्याच क्षणात लागते. म्हणून आमचा सल्ला: साध्या २९ किंवा ३६ इंचीवर सलग २० किमी न उतरता दोन-तीनदा होऊ द्या, दहापैकी नऊ वेळा आधाराशिवाय चढता येऊ द्या, आणि एक हात कायम हँडलवर ठेवून वळता येऊ द्या. मग हबचा विचार करा.

२९ इंची घ्यावी की ३६?

राहता कुठे त्यावर. साताऱ्यात राहत असाल तर २९. सांगली, मिरज, तासगाव या बाजूला असाल तर ३६.

साताऱ्यातून कुठेही निघा, चढ लागतोच. यवतेश्वरचा घाट शहराच्या कडेलाच सुरू होतो, कासचा रस्ता त्यावरूनच जातो. सज्जनगड, ठोसेघर याही बाजूला चढच. गिअरची २९ खालच्या गिअरला घाट चढते आणि वरच्याला ४५ इंची चाकासारखी पळते. गिअरच्या ३६ ला चढावर खालचा गिअरसुद्धा जड पडतो. उलट कृष्णेकाठच्या सपाट काळ्या रानातून जाताना मोठं चाक एका लयीत चालतं, आणि तिथे २९ चा खालचा गिअर वापरायची वेळ गावातच येते.

क्रँक किती लांबीची?

गिअरच्या २९ ला १२५ ते १५० मिलिमीटर, ३६ ला १३७ ते १६५. बिनगिअरच्या गाडीवर ११० वापरणारेही गिअर घातल्यावर लांब क्रँककडे जातात, कारण वरच्या गिअरचा दीडपट जोर लांबीने भरून काढावा लागतो. दोन भोकांची क्रँक मिळाली तर तीच घ्या. घाटाच्या दिवशी पेडल बाहेरच्या भोकात, सपाटीच्या दिवशी आतल्या.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चाक फ्रेममध्ये उलटं बसवलं तर काही किलोमीटरांत पेडल सैल होऊन क्रँकचे आटे खातं. क्रँकवरची डावी-उजवी खूण आधी बघा.

गिअर नेमका कसा बदलायचा?

सपाट, मोकळा रस्ता निवडा. उतारावर किंवा चढावर शिकू नका.

वर जाताना: वजन सीटवर टाका, पाय हलके ठेवा. ३६ इंचीवर ताशी १४ किमीच्या आसपास असा, म्हणजे मिनिटाला सुमारे ८० फेरे. ज्या बाजूचं बटण दाबायचं, त्या बाजूची क्रँक पुढे आडवी आली की पायाचा चवडा पेडलवर आणि टाच बरोबर आसापाशी असते. त्याच क्षणी टाच आत वळवून बटणावर टेकवा. लाथ नाही, टिचकीही नाही, ठाम दाब. चवडा पेडलवरून उचलायचा नाही. दाब दिल्यावर गिअर लगेच लागत नाही. दात समोरासमोर आले की लागतो, म्हणून कधी पाव फेरा, कधी अर्धा फेरा वाट बघावी लागते. लागला की पाय एकदम चिखलात घातल्यासारखे जड होतात, कारण वेग तोच राहून फेरे ८० वरून ५२ वर येतात. तिथे घाबरून पाय थांबवला की तोंडावर उतरायला होतं. पुढचे दोन फेरे मुद्दाम दाबून मारा.

खाली येताना उलट होतं, पाय एकदम रिकामे धावतात. ताशी २१ किमीला ३६ इंचीचा गिअर खाली टाकलात तर पायांना मिनिटाला १२२ फेरे मारावे लागतील. ते जमत नाही. आधी वेग १४ च्या खाली आणा, मग बटण.

पहिले काही दिवस शाळेच्या पटांगणाच्या कुंपणाला धरून, उभ्या उभ्या बटण शोधायचा सराव करा. टाचेला जागा न बघता सापडली पाहिजे.

बटण दाबलं, गिअर लागलाच नाही. का?

क्रमाने तपासा. बहुतेक वेळा पायात जोर असतो: दात एकमेकांवर घट्ट दाबलेले असले तर आतला दांडा सरकत नाही, म्हणून दाबताना पाय हलका हवा. दुसरं कारण बूट. मऊ, जाड फोमच्या टाचेचा धावण्याचा बूट बटणाचा दाब गिळून टाकतो. कडक, सपाट तळव्याचा घ्या, आणि नाडी आत खोचा. नाडी क्रँकमध्ये गुंडाळली की काय होतं ते सांगायला नको. तिसरं, बटण सैल झालेलं असतं. ते बारीक स्क्रूने धरलेलं असतं, खडखडीत रस्त्यावर तो ढिला होतो आणि बटण रस्त्यात पडतं. निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावा, आणि प्रत्येक लांब फेरीआधी बोटाने हलवून बघा. चौथं, क्रँक नीट बसलेली नाही किंवा बटणाला घासते.

आणि गिअर लागला की नाही, ही शंका असेल तर पहिल्या फेऱ्यात सगळं वजन पेडलवर टाकू नका. अर्धवट लागलेला गिअर वजन पडताच सुटतो.

फ्रेमबद्दल काही वेगळं आहे का?

आहे, आणि बरेच जण इथेच फसतात. वरच्या गिअरला पायाचा जेवढा पीळ हबमध्ये जातो, त्यातला सुमारे एक तृतीयांश फ्रेमवर येतो. साध्या एकचाकीत असं काही नसतं. म्हणून हबच्या बेअरिंगचं घर फ्रेमच्या पकडीत गोल फिरू नये, अशी सोय लागते. ज्या फ्रेमला त्यासाठी छिद्र आणि अडसराचा स्क्रू नाही, तिच्यात हा हब नुसता कसून बसवला तर घर हळूहळू फिरतं, पकड खाल्ली जाते आणि एके दिवशी चढावर कचकन घसरतं. पण जास्त कसणं हेही उत्तर नाही. त्याने बेअरिंग दाबलं जाऊन चाक जड फिरतं.

घाट उतरताना कोणता गिअर, कोणता ब्रेक?

उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच, खालचा गिअर. उतारात मध्ये बदलू म्हणाल तर वेग आधीच हाताबाहेर गेलेला असतो. वरच्या गिअरला उलट दाब दीडपट द्यावा लागतो आणि गुडघे दहा मिनिटांत बोलायला लागतात.

ब्रेक हवाच. रिमवर बसणारा मागुराचा एचएस-३३ हा हायड्रॉलिक ब्रेक यासाठी जुना आणि विश्वासू आहे. त्याला मिनरल तेल लागतं, मोटरसायकलचं डॉट तेल घालू नका, सील खराब होतात. क्रँकच्या बाजूला बसणारी डिस्क गिअरच्या हबला आम्ही सुचवत नाही. वरच्या गिअरला तिचा जोर चाकापर्यंत दीडपटीने घटून पोचतो आणि सगळा पीळ आतल्या चक्रांमधून जातो. रिमचा ब्रेक थेट चाक धरतो.

लिव्हर सीटच्या पुढच्या हँडलखाली, एका बोटाला पोचेल असा. सायकलसारखा दाबा-सोडा केलात तर तोल जातो. हलका दाब कायम ठेवायचा आणि पायाने त्याविरुद्ध किंचित पुढे पेडल मारत राहायचं. याने रिम तापते. यवतेश्वरसारख्या उतारावर दोन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन बघा. चटका बसत असेल तर पाच मिनिटं थांबा. पाणी ओतू नका.

पसरणी घाटाने पाचगणीहून वाईला उतरायचा मोह पुष्कळांना होतो. रविवारी नका. पर्यटकांच्या गाड्या वळणावर तुमची लेन घेतात, आणि एकचाकी बाजूला पटकन घेता येत नाही.

सरळ रस्त्यावर गाडी सारखी डावीकडे का ओढते?

रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. रुंद, मऊ टायर त्या उतारावर वळायला बघतो आणि तुम्ही कंबर वाकवून विरोध करता. दहा किलोमीटरनंतर एकाच बाजूची कंबर दुखते, ती यामुळे. हवा पाच पाच पीएसआयने वाढवून बघा, गोल घडणीचा रोड टायर वापरा, आणि सीट फ्रेमच्या अगदी सरळ रेषेत आहे ना ते तपासा. चार अंशांचा फरकसुद्धा जाणवतो. साईडपट्टीच्या कडेला चिकटून चालवू नका. तिथे उतार सर्वांत जास्त आणि खडीही तिथेच.

हवा किती ठेवायची? पंक्चरचं काय?

७० किलोच्या स्वाराला ३६ इंचीत ४५ ते ५५ पीएसआय, २९ बाय २ इंची टायरमध्ये ४५ ते ६०. वजन जास्त असेल तर थोडी वर. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही.

ट्यूबच्या बाबतीत फसगत होते ती अशी. २९ इंची एकचाकीची रिम ६२२ मिलिमीटरची, म्हणजे ७००सी रोड आणि हायब्रिड सायकलींचीच. गावातल्या दुकानात ‘२८ इंची’ मागितली तर काळ्या दूधवाल्या सायकलचा टायर हातात येतो, तो ६३५ चा. दिसायला सारखा, बसत नाही. ३६ इंचीची रिम ७८७ मिलिमीटरची, तिचं काहीच इथे दुकानात मिळत नाही. टायर, दोन ट्यूब आणि चार जादा आरे हबबरोबरच मागवून ठेवा. अडचणीत २९ ची ट्यूब ताणून ३६ मध्ये बसते. काही जण वजन वाचवायला मुद्दाम तीच वापरतात, पण त्यावर ठिगळ नीट टिकत नाही.

ठिगळ लावताना चाक काढायची गरज नसते. टायरची एक कड सोडवा, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर घ्या. बाभळीचा काटा सापडला तरी टायरच्या आतून बोट फिरवा, दुसरा असतोच.

बसायची जागा बधिर होते.

होणारच. एकचाकीवर सगळं वजन सीटवर असतं. आतून पॅड असलेली बिब शॉर्ट (खांद्याच्या पट्ट्यांची सायकलची चड्डी) घाला, तिच्या आत काही नाही. सीटचं पुढचं टोक थोडं वर. दर पाच मिनिटांनी दहा-पंधरा फेरे उभं राहून मारा, दुखायची वाट बघू नका. पुढे लांब हँडल बसवलं तर थोडं वजन हातांवर जातं आणि मोठा फरक पडतो. सीटची उंची गिअरच्या गाडीला नेहमीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवा, टाच आत वळवताना कंबर हलत नाही. बधिरपणा उतरून पंधरा मिनिटांनीही गेला नाही तर त्या दिवशी परत चढू नका.

सुरुवातीला कोणते रस्ते बरे?

साताऱ्याहून कोरेगाव, तिथून पुढे रहिमतपूरकडे: चढउतार सौम्य, वळणं कमी. पहाटे निघा. मेढ्याकडचा रस्ता सुंदर, पण हिरवळीत लपलेले खड्डे आहेत. महामार्ग ४८ वर मुख्य लेनमध्ये जाऊ नका. सेवा रस्ता जिथे संपतो तिथे सर्वांत जास्त धोका, कारण तिथे अचानक ट्रकच्या ओळीत मिसळावं लागतं.

सांगलीकडे तासगाव रस्ता किंवा नरसोबाची वाडी. रस्ता सपाट आहे, पण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गळीत हंगाम असतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तुमच्या शेजारून गेला की बाहेर आलेल्या उसाची टिपरं खांद्यापर्यंत येतात. रस्त्यावर पडलेलं कांडं ३६ इंची चाकसुद्धा फिरवतं. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली असते. सुकी असेपर्यंत काही नाही, दवाने ओली झाली की साबण. हंगामात पूर्ण उजाडेपर्यंत खालचा गिअर.

कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पठारावर इतका असतो की पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत हे पटतं. समोरचा वारा चालतो, वाकून रेटता येतो. आडवा वारा ३६ इंची चाकाच्या आऱ्यांवर आपटतो आणि घाटाच्या वळणावर डोंगराची आड सुटते तेव्हा एकदम झोत येतो. अशा वळणाआधी खालचा गिअर. कासला फुलांचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून असतो, त्या काळात शनिवार-रविवार टाळा. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊच्या आत परत.

खाणंपिणं?

दोन लिटर पाणी पाठीवरच्या पिशवीत, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. पाठीवर जास्त वजन झालं की तोल वर सरकतो, तेव्हा तीन लिटर नको, वाटेत भरून घ्या. तासाला एक केळं किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू किंवा गुळाची चिक्की. भडंग घरी आल्यावर, तोंड कोरडं पडतं. कंदी पेढाही परतल्यावर.

देखभाल काय लागते?

पहिल्या ५० किमीनंतर क्रँकचे बोल्ट परत कसा. या हबला आतून दांडा जातो म्हणून बोल्ट पोकळ असतात, साधे बोल्ट चालत नाहीत. किती कसायचे ते हबबरोबरच्या कागदावर दिलेलं असतं, त्या आकड्याला टॉर्क पाना वापरा. चाकाचा आउट काढायला गावातला चांगला मिस्त्री पुरतो, फक्त त्याला सांगा की आरे नेहमीपेक्षा घट्ट ठेवायचे. हब उघडायला मात्र त्याला देऊ नका. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली गाडी धरू नका, पाणी बेअरिंगमधून आत जातं आणि ग्रीस धुतलं जातं. ओलं फडकं पुरे.

वरच्या गिअरला बारीक घरघर आणि पेडल पुढेमागे हलवल्यावर थोडी मोकळीक, हे नॉर्मल. खालच्या गिअरला कटकट आवाज, किंवा मोकळीक महिन्यागणिक वाढणं, हे नॉर्मल नाही.

बरोबर काय ठेवायचं?

१५ चा पाना पेडलसाठी, ८, ५, ४ च्या अॅलन की, बटणाच्या स्क्रूची बारीक की (हीच विसरते), स्पोक की, ठिगळाचं सामान, पंप, एक ट्यूब, चार केबल टाय, आणि जादा बटण मिळालं असेल तर तेही. मागे लाल दिवा सीटपोस्टवर लावा, पाठीवर लावला तर पिशवी झाकते.

हेल्मेट? परवाना?

परवाना किंवा नोंदणी लागत नाही. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड घाला. वरच्या गिअरला ताशी २० किमीने उतरावं लागलं तर पायावर पळत सावरणं बहुतेकांना जमत नाही, हात टेकतात. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, एकचाकीलाही तीच लागू.

लोक थांबवतात, शेजारून मोटरसायकल चालवत व्हिडिओ काढतात. काय करायचं?

“सर्कशीतली का?” याला हसून हो म्हणा, लवकर सुटका होते. शेजारून चालणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगा, “दादा, पुढं जाऊन उभं राहून काढा.” त्याचं हँडल तुमच्या पेडलपासून दोन फुटांवर असतं आणि त्याची नजर मोबाइलमध्ये. तो हटेना तर खालचा गिअर टाकून वेग कमी करा, मोटरसायकलला इतक्या हळू चालवणं कंटाळवाणं होतं.

कुत्रं अंगावर आलं तर जोर मारून पळू नका. वेग कमी करा, उतरा, एकचाकी मध्ये धरा.

पहिली ५० किमीची फेरी कशी आखावी?

जाताना चढ, येताना उतार असा रस्ता नको. दमलेल्या पायांनी उतार हाताबाहेर जातो. सपाट रस्त्यावर २५ किमी जाऊन परत, दर आठ-दहा किमीला पाच मिनिटं थांबा. पहिले पाच किलोमीटर खालच्या गिअरलाच चालवा, अंग मोकळं होईपर्यंत बटणाकडे जाऊ नका. शेवटचे पाचही खालच्याच गिअरला, कारण तोवर गाव आलेलं असतं, रिक्षा आडव्या येतात. सरासरी ताशी १३-१४ किमी धरून थांबे मिळवलेत तर चार-सव्वाचार तास लागतात. परत आणायला गाडी घेऊन येईल अशा कोणाला तरी आधी सांगून ठेवा. सीटपोस्ट काढला की २९ इंची चाक डिकीत मावतं, ३६ ला मागची सीट पाडावी लागते.